दहा सेंटिमीटर

मेर्सेदेसच्या कोर्टात जज्जबाई म्हणाल्या, पाचशे मीटर.
आई बसने परत आली तेव्हा पिशवीत
एक पाव, अर्धा किलो कांदे
आणि शिक्के मारलेले चार कागद होते.
शिवाय एक यंत्र, साबणाच्या वडीएवढं.
त्याचा जोडीदार बाबाच्या घोट्यावर.
हे वाजलं तर, ती म्हणाली,
आणि कांदे टोपलीत ओतताना
पुढचं वाक्य राहून गेलं.

पाचशे मीटर म्हणजे कुठवर, ते तिला नीट उमगेना.
मी दहा वर्षांचा, गणितात बरा.
गावाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवले.
एका सेंटिमीटरला पन्नास मीटर,
म्हणजे दहा सेंटिमीटर, आई. सोपं आहे.
कंपासपेटीतून कर्कटक काढलं,
टोक आमच्या घरावर रोवलं.

आजी एउलालियाचं घर आत आलं, तिच्या लेकाला बंद.
चर्चचा घंटेकडचा अर्धा भाग आत, अर्धा बाहेर.
खाटिक बाहेर. धान्याची कोठारं बाहेर.
नदीवरचा लाकडी धक्का
नऊ सेंटिमीटर आठ मिलिमीटरवर.

त्या धक्क्यावर बाबाने मला शिकवलं होतं
बोगा माशाच्या तोंडातून गळ कसा सोडवायचा,
जबडा न फाटू देता. हळू, नाहुएल, हळू, त्याला दुखतं.
मार्चमध्ये आई पाच आठवडे नळीने सूप प्यायली.
तिचा जबडा तारेने बांधला होता.
हात तेच. मी दोन्ही वेळा तिथेच होतो.

मी कर्कटक किंचित मिटवलं.
नऊ सेंटिमीटर सात.
वर्तुळ सुबक आलं. आईने माझ्या डोक्याचा मुका घेतला.

मग आम्ही सराव केला.
धावत आला तर दोन मिनिटं, शेजारच्या मिर्ताने हिशेब सांगितला.
कागद काही भिंत नाही गं, दोन मिनिटं आहे.
आधी किल्ली फिरायची आणि तो आत असायचा,
तेव्हा आमच्याकडे अर्धं मिनिटही नव्हतं.
कडी, फोन, मागचं दार, मिर्ताचं खुराडं.
आई घड्याळ लावायची. आम्ही पंचेचाळीस सेकंदांवर आलो.

आजीच्या फोनवरून मी बाबाला सांगितलं,
धक्क्यावर चालतं. मी मोजलंय.

रविवारी यंत्र वाजलं.
त्याने माझा नकाशा पाहिला नव्हता.
कडी, फोन, मागचं दार.
खुराड्यात कोंबड्या आमच्याकडे एका डोळ्याने बघत राहिल्या.
आईचा तळवा माझ्या तोंडावर, त्याला कांद्याचा वास.
मला ओरडून सांगायचं होतं की तो फक्त मासे धरतोय.
मला ते खरं आहे की नाही, ठाऊक नव्हतं.

पोलिसांची जीप अकराव्या मिनिटाला आली.
वॉशिंग्टन धक्क्यावरच सापडला, म्हणाले,
बादलीत दोन बोगा, पिशवीत सुरी.
मासे धरणाऱ्याकडे सुरी असतेच, आजी म्हणाली.
आई काहीच म्हणाली नाही.

रात्री तिने नकाशा काढला, पट्टी लावली.
घरापासून रेघेपर्यंत. पुन्हा एकदा.
मी ताटातल्या भाताकडे बघत होतो.
तिने पेन्सिलीला टोक केलं,
कर्कटक माझ्यापुढे सरकवलं.
परत काढ, म्हणाली. एवढंच.

दर सहा महिन्यांनी हुकूम संपायचा,
दर सहा महिन्यांनी ती बस, ते शिक्के,
आणि मी तेच वर्तुळ गिरवायचो, टोक त्याच छिद्रात.

नकाशा आता माझ्याकडे आहे.
दोन रेघा दिसतात, एक दाट, एक पुसट,
मध्ये तीन मिलिमीटर.
तिथे एक माणूस गळ टाकून बसलाय, पाठमोरा.
आणि आमचं घर होतं तिथे
कागदाला भोक पडलंय,
करंगळीचं टोक जाईल एवढं.